सात वेळा गेटमधून

"फिर से चल."

मी पाचव्यांदा गेटमधून चालले. गेट पाचव्यांदा वाजलं.

दुपारचे साडेचार झाले होते. राखी तोंडावर आली होती, दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं होतं. सुरतमधलं ते कपड्यांचं मोठं दुकान. तीन मजले, सरकता जिना, थंडगार हवा. दाराशी दोन पांढरे खांब. त्यांनाच आम्ही गेट म्हणायचो. टॅग न काढलेला कपडा घेऊन कुणी बाहेर निघालं की ते खांब किंचाळतात. त्या दिवशी ते माझ्यावर किंचाळत होते.

पहिल्यांदा वाजलं तेव्हा मी घरी निघाले होते. ड्युटी संपली होती. मॅनेजरने ओढणी काढून ठेवायला लावली. परत चालले. वाजलं. चपला काढायला लावल्या. वाजलं. केसातला चिमटा, कानातले, गळ्यातलं ओळखपत्र. वाजलं. मग दोन्ही हात वर करून चालायला लावलं.

माझी पिशवी गार्डने आधीच उलटी करून पाहिली होती. तिच्यातून डबा, कंगवा आणि रुमाल निघाला. डब्यात कानबाईचा, आमच्या खानदेशातल्या देवीच्या सणाचा, रोट होता. जेवायला वेळच मिळाला नव्हता. हा रोट आमच्यात घरच्या माणसांशिवाय कुणी खात नाही, परक्याचा हातही लागू देत नाहीत. गार्डने त्याचे दोन तुकडे केले आणि आत काही आहे का पाहिलं. मग पिशवी माझ्या हातात परत दिली. पिशवीत काही नाही, म्हणजे चोरी अंगावर आहे, असं मॅनेजरने ठरवलं.

गिऱ्हाइकं थांबून बघत होती. त्यात एक बाई होत्या. त्यांना मी दीड तास चणिये, म्हणजे घेरदार घागरे, दाखवले होते. गुडघ्यावर बसून त्यांच्या घेराची उंची धरली होती. मघाशी त्या मला "दीकरी", म्हणजे लेकी, म्हणाल्या होत्या. आता त्या माझ्याकडे बघून एकदम म्हणाल्या, "मारुं पर्स क्यां छे?"

पर्स त्यांच्या खांद्यालाच होती. त्यांनी ती छातीशी धरली.

मला लघवीला लागली होती. विचारायची हिंमत नव्हती. विचारलं तर म्हणतील, माल लपवायला चालली. आपण खरंच काही घेतलं तर नाही ना, असंही एकदा मनात आलं. इतकी भीती वाटली होती. माणूस घाबरला की स्वतःची साक्षसुद्धा त्याला खरी वाटत नाही.

मग सुपरवायझर बाई मला ट्रायल रूममध्ये घेऊन गेल्या. माझीच ट्रायल रूम. आठ महिने मी तिच्या दाराशी उभी राहून बायकांना आत किती कपडे नेता ते मोजून सोडत होते. तिथे त्यांनी मला कुर्ता वर करायला सांगितलं. सलवारची नाडी सोडायला सांगितली. आरशात मला मी दिसत होते. मी डोळे मिटले. बाई हळूच म्हणाल्या, "लवकर कर, मलापण नोकरी आहे."

काही निघालं नाही. बाहेर आणून सहाव्यांदा चालायला लावलं. पिशवी हातात होती. वाजलं.

तेव्हा गार्ड म्हणाला, "साहब, थैला इसके हाथ में ही है."

पिशवी त्याने घेतली. मी सातव्यांदा चालले, रिकाम्या हाताने.

गेट गप्प राहिलं.

त्या एका क्षणात मला वाटलं, सुटले. देवाचं नाव घेतलं. मग गार्ड पिशवी घेऊन त्याच खांबांमधून गेला आणि खांब किंचाळले.

मॅनेजरने काउंटरवरची कात्री घेतली. माझी पिशवी कापली. आधी तळ, मग बाजू, मग बंद. बंदाच्या आत दुमडून शिवलेली एक जाड साटीनची पट्टी निघाली. तिच्यावर धुलाईच्या सूचना छापलेल्या होत्या आणि आमच्याच दुकानाचं नाव होतं. पट्टीच्या पोटात धातूची पातळ पात होती.

"लेबल हमारा है," मॅनेजर म्हणाला. "अब बता, कुर्ती कहाँ है?"

मी पट्टीकडे पाहिलं नाही. शिवणीकडे पाहिलं. बारीक, दुहेरी, टोकाला तीन टाके उलटे मारलेले. ती शिवण मी जगात कुठेही ओळखेन.

ती माझ्या मायची होती.

---

आता थोडं मागचं सांगते, नाहीतर मी गप्प का राहिले ते कळणार नाही.

आम्ही मूळचे खानदेशातले, घर सुरतच्या डिंडोलीत आहे. आप्पा पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये कामाला आहेत. मला दोंडाईच्याला मामाकडे ठेवलं, तिथेच मी बी.कॉम. झाले. आमच्या घरातली पहिली. मामांचे, माझ्या शाळेतल्या बाईंचे, कॉलेजच्या लायब्ररीतल्या सरांचे उपकार मी अजून मानते. या दुकानात नोकरी लागली तेव्हा या दुकानाचेही मानले. थंड हवेत उभं राहून काम करणारी आमच्या घरातली मीच पहिली. आप्पा कामावरून येतात तेव्हा त्यांच्या अंगाला वाफेचा आणि रंगाचा वास असतो. माझ्या अंगाला दुकानातल्या अत्तराचा वास यायचा. मायला तो आवडायचा.

माय घरी बसून शिवणकाम करते. आमच्या गल्लीतल्या दहा-बारा बायका करतात. व्यापाऱ्याचा माणूस तयार कुर्त्यांचे गठ्ठे आणि लेबलांची बंडलं टाकून जातो. कुर्तीच्या बाजूच्या शिवणीत लेबल बसवायचं, एवढंच काम. त्यात जी लेबलं वाकडी कापलेली किंवा पुसट छापलेली असतात ती तो फेकून द्या म्हणतो. पण आमच्याकडे चांगल्या कापडाची पट्टी कुणी फेकत नाही. माय त्यांचे पिशव्यांना बंद करायची, उशीच्या अभ्र्याला कडा लावायची. जाड लेबलं तिला जास्त आवडायची. म्हणायची, "यासना बंद कडक ऱ्हास." त्यांच्या आत गेटला ऐकू जाणारी पात असते हे तिला माहीत नव्हतं.

मलाही नव्हतं. आणि मी तर रोज टॅग लावायचं काम करायचे. सकाळी दुकान उघडायच्या आधी नव्या मालाला पांढरे प्लॅस्टिकचे टॅग टोचायचे. पिन शिवणीतून घालायची, कापडातून नाही, नाहीतर भोक राहतं. ते मी नीट शिकले होते. पण कपड्यातच शिवून येणारं हे नवं लेबल कधी आलं, ते आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. पिशवी नवी होती. त्या दिवशी पहिल्यांदाच नेली होती. सकाळी आम्ही मागच्या दाराने आत जायचो. जाताना मात्र पुढच्या गेटमधूनच जायचं, असा स्टाफसाठी नियम होता.

मी मायचं नाव घेतलं असतं तर मी सुटले असते. पण मॅनेजरने व्यापाऱ्याला फोन केला असता. व्यापाऱ्याने मायचं काम बंद केलं असतं. मायचं एकटीचं नाही, अख्ख्या गल्लीचं.

म्हणून मी गप्प राहिले. गेटपाशी, सगळ्यांसमोर, अनवाणी.

"आ लोको एवा ज छे," मागून कुणीतरी म्हणालं. ही माणसं अशीच असतात. मी वळून पाहिलं नाही. दिवसातून चार-पाच वेळा तरी ते गेट गिऱ्हाइकांवर वाजायचं. काउंटरवर टॅग काढायचा राहून जायचा. तेव्हा गार्ड हात जोडायचा, म्हणायचा, "सॉरी बेन, हमारी गलती है." पिशवी उघडायलाही लावायचा नाही. तेव्हा मला ते चांगल्या रीतीचं लक्षण वाटायचं.

---

मागच्या खोलीत मॅनेजरने मला उभं केलं. स्वतः बसला. त्याच्या मागच्या भिंतीवर फोटो चिकटवलेले होते. आधी पकडलेली माणसं. प्रत्येकाच्या हातात एक कागद.

त्याने कोरा कागद माझ्यापुढे सरकवला.

"लिख दे. बात यहीं खतम. नौकरी भी रहेगी." मग थोडा हसला. "फॉर्मॅट तो तुझे आता ही है."

येतच होतं. भिंतीवरच्या तीन कागदांवर अक्षर माझं होतं.

हे सांगताना मला लाज वाटते, पण सांगणार. माझं हिंदी चांगलं, अक्षर चांगलं, म्हणून ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे माफीनामे माझ्याकडून लिहून घेतले जायचे. 'मैं अपनी गलती कबूल करती हूँ.' तिसरा माफीनामा शोभामावशीचा होता. ती झाडलोट करायची. यवतमाळकडची. एक दिवस तिच्या सुपलीत तुटलेला टॅग सापडला. सुपलीत सगळ्या दुकानाचा कचरा असतो. लोक ट्रायल रूममध्ये टॅग तोडून कोपऱ्यात टाकतात, तो झाडणारीच्याच सुपलीत येणार. हे मला तेव्हा सुचलं नाही, असं मी स्वतःला सांगत आले. खोटं आहे. सुचलं होतं. मी ट्रायल रूमच्याच दाराशी उभी असायचे. पण साहेबांनी विश्वासाने काम सांगितलं होतं. मी वळणदार अक्षरात लिहून दिलं. तिने अंगठा लावला आणि तिचं काम गेलं. साहेब म्हणाले, "वेरी गुड."

त्या दिवशी घरी जाऊन मी मायला सांगितलं होतं, साहेब माझ्यावर खूश आहेत.

मी पेन हातात घेतलं. खरंच घेतलं. 'मैं' लिहिलं. पुढचं वाक्य हाताला पाठ होतं. हात आपोआप चालला असता.

मी पेन ठेवलं. शूर झाले म्हणून नाही. हात इतका कापत होता की अक्षर येईना.

"सर, मी काही घेतलं नाही," मी म्हणाले.

"ठीक है. घर से किसी को बुलाते हैं."

आप्पा मिलमध्ये होते, तिथे फोन बाहेर ठेवतात. मॅनेजरने मायला फोन लावला. मी नको नको म्हणत होते. हात जोडले. पोलिसांपेक्षा मला त्या फोनची भीती वाटली.

पाऊण तासात माय आली. रिक्षाने आली असणार, धाप लागली होती. कामावरची जुनी साडी, पदराला दोरे चिकटलेले. थंड हवेत ती एकदम आकसली. या दुकानात ती पहिल्यांदाच येत होती. मी तिला दिवाळीला आणणार होते.

"काय व्हयनं वं पोरी?"

मी काही बोलायच्या आत तिला टेबलावरची कापलेली पिशवी दिसली. आणि पट्टी. तिला सगळं एका नजरेत कळलं. ती मॅनेजरकडे वळली आणि म्हणाली, "साहेब, ते मना हातनं शे. मी लायेल शे. पोरनी काही चुकी नही."

मॅनेजरला अहिराणी कळली नाही. सुपरवायझर बाईंनी सांगितलं. तो खुर्चीत मागे टेकला.

"मतलब माँ-बेटी दोनों," तो म्हणाला.

मायने त्याच्या टेबलाला हात लावून नमस्कार केला. माझी माय. जिच्यासमोर गल्लीतला एक माणूस मोठ्याने बोलत नाही. ती म्हणत होती, "माफ करा, पोरले काढू नका, मी लिखी देस, तुमी सांगशात ते लिखी देस."

त्याने माझ्यापुढचा कागद उचलून तिच्यापुढे ठेवला आणि शाईचं पॅड उघडलं.

मायला सही येते. कॉलेजच्या पहिल्या सुट्टीत मी तिला शिकवली होती. बँकेत ती सही करते आणि करताना जरा ताठ बसते. त्याने विचारलंही नाही. पॅडच पुढे केलं. आणि मायही म्हणाली नाही की मला सही येते. भीतीने ती विसरली. तिने अंगठा शाईवर टेकवला.

काळा अंगठा कागदाकडे जात होता.

मी तिचं मनगट धरलं.

"नाही," मी म्हणाले.

माय म्हणाली, "सोड पोरी, व्हई जाऊ दे."

"नाही. अंगठा लागणार नाही. माझी सही होणार नाही."

मॅनेजर उभा राहिला. "पुलिस बुलाऊँ?"

माझ्या तोंडात थुंकी उरली नव्हती. पण शब्द निघाले. "बोलवा. आणि त्यांच्यासमोर स्टॉक मोजा. एक कुर्ती जरी कमी निघाली तरी मी सही करते. लेबलावर नंबर असतो, सर. तो नंबर कुठल्या कुर्तीचा आहे ते काढा. मालाची नोंद मीच करते. मला माहीत आहे कसं काढायचं."

तो फोनकडे बघत राहिला. उचलला नाही.

तेव्हा मला कळलं. पोलीस आले असते तर त्यांनी पहिलं विचारलं असतं, कपडा कुठे आहे? कपडा नव्हताच. त्याला पोलीस नको होते. स्टॉकही मोजायचा नव्हता. त्याला फक्त कागद हवा होता. जो माल नाहीसा होतो आणि कुणी नेला ते कधी सापडत नाही, त्यासाठी वरच्यांना दाखवायला एक तोंड हवं होतं. ते तोंड घाबरलेलं असलं की काम सोपं. आणि असे तीन कागद मी त्याला फुकट लिहून दिले होते.

"कल से मत आना," तो म्हणाला. "और वो व्यापारी को मैं देखता हूँ."

मी ओळखपत्र टेबलावर ठेवलं. 'मैं' लिहिलेला तो कागद उचलला आणि घडी करून घेतला. त्याच्याकडे माझं एक अक्षरही ठेवायचं नव्हतं. बाहेर जाताना मायने मला विचारलं, "कोनता दारथीन जावानं?" मी म्हटलं, पुढच्या. तिचा एक हात माझ्या हातात होता. दुसऱ्या हाताचा काळा अंगठा तिने मुठीत लपवला होता.

---

पुढे चांगलं काही झालं नाही.

व्यापाऱ्याचा माणूस आठवडाभर गल्लीत आला नाही. नंतर आला, पण आमचं घर वगळून. दोन घरं पलीकडची काकू मला नळावर म्हणाली, "एक सही करी टाकती ते काय बिघडतं वं? शिकेल पोरगी ना तू." माझ्याकडे उत्तर होतं, पण तिचंही आठवडाभराचं काम बुडालं होतं, म्हणून बोलले नाही. मायने घरातल्या सगळ्या उशा, पिशव्या, आप्पांच्या डब्याचं फडकं काढलं आणि एकेक पट्टी उसवली. उसवून जाळली. मी म्हटलं, माय, हा गुन्हा नव्हता. तिने ऐकलं, पण उसवत राहिली. दारावर टकटक झाली की अजून ती आधी माझ्याकडे बघते.

मी शोभामावशीचं घर शोधून काढलं. लिंबायतला एका खोलीत राहते. मला बघून ती उठली नाही. मी सांगितलं, तुमचा कागद मी लिहिला होता, तो खोटा होता, मला तेव्हाही ठाऊक होतं. तुम्ही म्हणाल तिथे मी तसं लिहून देते, सहीनिशी. ती म्हणाली, "वाचून त दाखवाचं होतं बाई. मले तं वाटलं पगाराचा कागद हाय."

मी खाली बघितलं. तिने पाणी दिलं नाही. तिने द्यावं असं मी काही केलंही नव्हतं.

पुढच्या सोमवारी मात्र ती माझ्यासोबत कामगार कार्यालयात आली. अर्ज मी लिहिला. प्रत्येक ओळ तिला वाचून दाखवली. एका ठिकाणी ती म्हणाली, "असं नाही, तवा मी रडली नव्हती." मी ती ओळ खोडली. तिथल्या साहेबांनी अर्ज घेतला, शिक्का मारला, बघू म्हणाले. अजून बघतच आहेत.

दुकानातून निरोप आला. सुपरवायझर बाईंकडून. अर्ज मागे घे, तो माफीनामा लिहून दे, अनुभवाचं प्रमाणपत्र देऊ. प्रमाणपत्राशिवाय दुसरीकडे नोकरी लागणं अवघड आहे, हे त्यांना माहीत आहे. मलाही माहीत आहे.

मागच्या आठवड्यात एका दुकानात मुलाखत झाली. तिथेही दाराशी तसेच दोन खांब. त्यांच्यामधून आत जाताना मी श्वास धरला होता. समोरच्या माणसाने विचारलं, "पिछली जगह क्यूँ छोड़ी?" सगळे म्हणतात, घरचं कारण सांग. आप्पाही म्हणतात. मी जे झालं ते सांगितलं. शेवटपर्यंत सांगितलं. त्याने वही बंद केली आणि कळवतो म्हणाला. कळवणार नाही.

परवा उधन्याला आणखी एक मुलाखत आहे. तोच प्रश्न येईल. भीतीने पुन्हा तोंड कोरडं पडेल. ते माझ्या हातात नाही. उत्तर माझ्या हातात आहे. मी चोरी केली नाही, चोरी केल्याचा कागद लिहिला नाही, म्हणून मला काढलं. हेच सांगणार. त्यांनी नोकरी नाकारली तर तिसऱ्या ठिकाणी, तिथे नाकारली तर चौथ्या ठिकाणी. आणि जिथे लागेल तिथे पहिल्याच दिवशी सांगणार की दुसऱ्याची कबुली मी लिहून देत नाही.